जिन्याची भिंत

काकांकडे खोली घेतली त्याच्या पहिल्याच रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, त्यांनी मला टीव्हीसमोर बसवलं आणि विचारलं, "काय दिसतंय?"

टीव्हीवर चाळीसेक वर्षांपूर्वीची एक सिटकॉम चालू होती. ब्लॅक कुटुंब, मधोमध मोठा सोफा, वडील कोट काढत घरात येताहेत, मुलगी फोनवर. आवाज बंद होता, पण हशा कुठे पडत असणार ते नटांच्या थांबण्यावरून कळत होतं.

"वडील ऑफिसमधून आलेत," मी म्हटलं. "मुलीशी काहीतरी वाजणारे आता."

"ते सोड. मागे बघ."

"मागे जिना आहे."

"जिन्याच्या भिंतीवर?"

"काही नाही."

काका माझ्याकडे वळले. "तीन चित्रं आहेत. नागपूरहून निघताना डोळे तपासले होतेस ना?"

मी खरं तर डोळ्यांचंच काम करणारी बाई. प्रिन्स्टनजवळच्या एका लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकातून काढलेले पेशींचे फोटो तपासायचे आणि त्यातली बिघडलेली पेशी शोधून काढायची, हेच माझं पोस्टडॉकचं काम. त्यामुळे हे बोलणं मला लागलं. पुन्हा पाहिलं तर खरंच तीन चित्रं होती. एक ढोल वाजवणाऱ्या पोरांचं, एक लांब मानेच्या बाईचं, आणि एक नुसते कागदाचे रंगीत तुकडे चिकटवल्यासारखं. वडील, मुलगी, सोफा यांच्या गडबडीत मी ती पाहिलीच नव्हती. माझा पूर्ण रविवार त्यात गेला, आणि पुढची दोन वर्षं बहुतेक रविवार.

वेस्ट विंडसरमधलं त्यांचं घर आजूबाजूच्या घरांसारखंच होतं. दाराशी चपलांचं स्टँड, हॉलमध्ये कोपऱ्यात देवघर, मागच्या डेकवर कढीपत्त्याची कुंडी. खोली देताना काकांनी मला दोनच अटी घातल्या. गराजमधल्या कॅसेटना हात लावायचा नाही. आणि हॉलमध्ये सोफ्याच्या वर जो खिळा आहे, त्याला काही अडकवायचं नाही.

तो खिळा चांगला तीन इंची होता आणि त्याच्यावर काहीच नव्हतं. टेक्सासला प्लेनोत राहणाऱ्या त्यांच्या मुलाने नातवंडांचा मोठा फ्रेम केलेला फोटो पाठवला, तोही काकांनी शेजारी दुसरा खिळा ठोकून लावला. मी आठवड्याभरात विसरून त्या खिळ्याला टोपी अडकवली. संध्याकाळी ती टोपी घडी घालून माझ्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलेली होती. काकू भाजी वाढता वाढता म्हणाल्या, "त्या खिळ्याच्या नादी लागू नकोस. मी पस्तीस वर्षं त्याच्यावरची फक्त धूळ पुसते."

काका मिरजेचे. डिप्लोमा करून सत्तरच्या दशकात इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत ड्राफ्ट्समन राहिले. अजून शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायची. कुणाकडे आरतीला गेलो की प्रसाद हातात घेऊन ते सगळ्यात आधी भिंती बघत फिरायचे. परत येताना गाडीत निकाल लागायचा. "त्यांच्याकडे चार बेडरूम आहेत आणि भिंतीवर एक घड्याळ. भिंतीवर काही नाही म्हणजे माणसं अजून राहायला आलेली नाहीत." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतःच्या खिळ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही, आणि गाडी फ्रीवेवरसुद्धा पंचेचाळीस मैलांच्या वर नाही. मागून हॉर्न वाजले की म्हणायचे, "त्यांना पोचायचंय, आपल्याला जायचंय."

गराजमध्ये गाडी कधीच ठेवली गेली नाही, कारण तिथे कॅसेटची कपाटं होती. जुन्या ब्लॅक सिटकॉम, जेवढ्या म्हणून टीव्हीवर आल्या तेवढ्या, काकांनी स्वतः रेकॉर्ड केलेल्या किंवा लोक घरचं जुनं सामान विकायला काढतात त्या यार्ड सेल, गराज सेलमधून उचललेल्या. मालिकांची नावं कशावरच नव्हती. ड्राफ्ट्समनच्या सुबक अक्षरात लेबलं होती: 'जिना डावीकडे, आई नर्स'. 'जिना उजवीकडे, आजोबा चक्रम'. 'जिना नाही, फ्लॅट'. मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, एव्हरीथिंग इज ऑनलाइन नाऊ. जस्ट थ्रो देम." काका म्हणायचे, "हो हो." आणि फोन काकूंकडे द्यायचे.

प्रत्येक मालिकेच्या घराचा त्यांनी ट्रेसिंग पेपरवर प्लॅन काढलेला होता. स्केलमध्ये, दारं कुठल्या बाजूला उघडतात त्यासकट. भिंतीवरच्या प्रत्येक चित्राला नंबर, आणि खाली चित्राची एक ओळ माहिती. या घरांच्या रचनेवर त्यांचा फार राग होता. "हे बघ, सात माणसं, आणि अख्ख्या प्लॅनमध्ये बाथरूम नाही. पाच वर्षं चालली मालिका." किंवा, "हा जिना वर गेला की शेजारच्यांच्या किचनमध्ये निघतो." जी घरं कधी नव्हतीच त्यांची दुरुस्ती ते इतक्या कळकळीने सुचवायचे की मला हसू आवरायचं नाही. नटांची नावं त्यांना येत नसत. आई, बाप, आगाऊ शेजारी, एवढंच. एकदा मी म्हटलं, "काका, ती आई करणारी किती छान काम करते." तर म्हणाले, "असेल. सारखी जिन्यापुढे उभी राहते पण."

हे वेड त्यांना लावलं वॉल्टररावांनी. वॉल्टरराव म्हणजे काकांच्या शेजारच्या टेबलावरचे ड्राफ्ट्समन, ट्रेंटनमध्ये आईबरोबर राहणारे ब्लॅक गृहस्थ. 'राव' काकांनी लावला. वयाने दहा वर्षं मोठ्या माणसाला नुसतं वॉल्टर म्हणायला त्यांची जीभ वळेना. वॉल्टररावांनाही ते इतकं आवडलं की पुढे ते काकांना पाठवलेल्या कार्डावर तशीच सही करत.

काकांकडे तेव्हा टीव्ही नव्हता. दर गुरुवारी संध्याकाळी ते ट्रेंटनला जायचे. वॉल्टररावांची आई, शेजारपाजारचे, सगळे मिळून सिटकॉम बघायचे. नट बोलायच्या आधीच यांची उत्तरं तयार. काका सांगायचे, "मला विनोद कळायचे नाहीत गं. मी कसाबसा हसायचो. मग वॉल्टरराव म्हणाले, तू विनोद सोड, मागची भिंत बघ. तिथे आमची चित्रं आहेत, आमच्या माणसांनी काढलेली. आजवर टीव्हीवर आमचं माणूस दिसलं तर दुसऱ्याच्या घरात ट्रे घेऊन. आता घर आमचं आणि भिंतही आमची. नट शिकवलेलं बोलतो. पण भिंतीवर काय लावायचं, ते आमच्यातल्याच कुणीतरी भांडून ठरवलेलं असतं."

वॉल्टरराव स्वतः दर रविवारी चर्चहून आल्यावर चित्र काढायचे. त्यांच्याआधीच्या ब्लॅक चित्रकारांची पुस्तकं त्यांनी लायब्ररीतून आणून इतक्या वेळा पाहिली होती की कुठल्या पानावर कुठलं चित्र हे तोंडपाठ. काकांना त्यांनी एक गोष्ट शिकवली आणि ती काकांनी मला दहा वेळा तरी ऐकवली. "सावलीत काळा घालायचा नाही. आमच्या कातडीत काळा नसतोच. निळा आहे, जांभळा आहे, विटकरी आहे, उन्हात तर हिरवासुद्धा आहे. काळा आळशी माणसं घालतात." मी सावळी आहे. लग्नाच्या बायोडेटावर आईने माझ्या रंगापुढे 'गव्हाळ' लिहिलं होतं आणि फोटोवाल्याने मला तीन छटांनी उजळ केलं होतं. पहिल्यांदा हे ऐकलं त्या दिवशी मी वर जाऊन आरशासमोर बराच वेळ उभी राहिले. निळा दिसला, कानाखाली, खरंच.

खिळ्याची गोष्ट मला वर्षभराने कळली. काकू भजनी मंडळाला गेल्या होत्या. टीव्हीवर कुठल्याशा घराचा जिना होता. मी सहज विचारलं, "काका, तुम्ही नेमकं शोधताय काय?"

त्यांनी टीव्ही थांबवला. पट्टी खिशातून काढली, परत ठेवली.

"माझं चित्र," म्हणाले. "म्हणजे वॉल्टररावांनी दिलेलं. हिला सांगायचं नाही, कबूल?"

मी कबूल केलं.

लग्न होऊन काकू आल्या त्या ऐन जानेवारीत. इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही, बाहेर गुडघाभर बर्फ. वॉल्टररावांच्या आईने त्यांना ताब्यात घेतलं. दर शनिवारी दोघी ट्रेंटनच्या किचनमध्ये बसून शेंगा सोलायच्या, एक इंग्रजीत बोलायची, एक मराठीत. वॉल्टररावांनी तेच चित्र काढलं. टेबल, मधे शेंगांची परात, दोन्ही बाजूंना दोघी. काकांनी वेस्ट विंडसरला घर घेतलं तेव्हा ते चित्र घेऊन आले. काकांनी उंची मोजून स्वतः खिळा ठोकला.

"वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाचे प्रेसिडेंट आणि त्यांची मिसेस घर बघायला आले. मिसेस म्हणाल्या, या दोघी कोण हो? कामवाल्या का?" काकांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "मी काय बोललो असेन?"

मी त्यांच्याकडे वळले.

"मी म्हणालो, कोण जाणे. गराज सेलमध्ये मिळालं."

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी चाळीस माणसं येणार होती. काकू आत शिऱ्याला रवा भाजत होत्या. काकांनी चित्र उतरवलं, गराजमध्ये वॉटर हीटरमागे ठेवलं, आणि त्या खिळ्याला लक्ष्मीचं कॅलेंडर लावलं. पाहुण्यांत वॉल्टररावही होते. सूट घालून आले, मांडी घालून बसले, तीर्थ घेतलं. भिंतीकडे एकदा पाहिलं, लक्ष्मीला नमस्कार केला, आणि शिरा दोनदा मागून घेतला.

"सोमवारी ऑफिसात त्यांनी नुसतं विचारलं, चित्र बरंय ना? आणि मी सांगितलं, बायकोला आवडत नाही. तिनेच काढायला लावलं." काकांनी चष्मा काढला. "ती बिचारी रोज त्या चित्रापुढे उभी राहून वेणी घालायची."

दोनच दिवसांनी वॉल्टररावांनी चित्र परत मागितलं. त्यांचा एक मावसभाऊ कॅलिफोर्नियात सिटकॉमचे सेट लावायच्या कामावर होता, त्याला भिंतींसाठी चित्रं हवी होती. काकांनी ते देऊन टाकलं. सुटल्यासारखं वाटलं, हेही त्यांनी सांगितलं. पुढे कंपनीचं ते युनिट बंद पडलं, वॉल्टरराव आईला घेऊन ओहायोला गेले. तिथून एक कार्ड आलं: 'तुझं चित्र टीव्हीवर आहे. जिन्याच्या भिंतीवर. कुठल्या घरात ते सांगणार नाही, शोध. सापडलं की फोन कर.'

"मग केलात फोन?"

"सापडल्याशिवाय कोणत्या तोंडाने करायचा? म्हटलं सापडेल, मग करू, आणि तेव्हा खरंही सांगून टाकू. दीड वर्ष गेलं. मग त्यांच्या बहिणीचं पत्र आलं, ते गेल्याचं. त्या दिवशी खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवलं." काकांनी टीव्ही पुन्हा सुरू केला. "सेट मोडले. चित्र कुठे गेलं कुणाला माहीत नाही. टेपवर असेल तर आहे. नाहीतर मी म्हणालो तेच खरं झालं, गराज सेल."

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. वॉल्टररावांसाठी आला आणि काकूंसाठी त्याहून जास्त. पण दर रविवारी आवाज बंद करून दुसऱ्यांच्या भिंती तपासणारा हा म्हातारा समोर बसला होता, आणि राग फार टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मला ते चित्र आठवणीने काढून द्या. बाकी माझ्यावर सोडा." काकांनी तीन दिवस घेतले. रंगीत पेन्सिलींनी, स्केलमध्ये, टेबलाच्या पायांच्या कातीव गोळ्यांसकट चित्र काढून दिलं. लॅबमधला माझा कॉम्प्युटर प्रोग्रॅम फोटोंतून बिघडलेल्या पेशी शोधतो तर जिन्यावरचं चित्रही शोधेल, असा माझा हिशोब. त्या हिवाळ्यात शनिवार-रविवार बसून मी, काकांच्या परवानगीने, एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली आणि काकांच्या चित्रातले रंग आणि मांडणी प्रोग्रॅमला शिकवली. प्रोग्रॅमने मोठ्या आत्मविश्वासाने पहिलं चित्र शोधून दिलं, ते सोफ्यावरच्या उशीचं निघालं. दुसरं आमलेटचं. पन्नासेक उशांनंतर काका म्हणाले, "राहू दे. तू तुझ्या पेशी बघ." आणि त्या रविवारी त्यांनी टीव्ही लावलाच नाही. जेवून सरळ झोपायला गेले. असं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला भीती वाटली.

मी ते पेन्सिलचं चित्र डायनिंग टेबलवर घेऊन बसले होते. काकू मेथी निवडायला आल्या. मला झाकायला वेळच मिळाला नाही. त्यांनी चष्मा लावून चित्र हातात घेतलं.

"परात बरोबर काढलीय," म्हणाल्या. "टेबलही. पण ही गोरी कोण?"

मी पाहिलं. डावीकडच्या बाईला काकांनी फिकट गुलाबीसर रंग दिला होता. उजवीकडची गडद तपकिरी. एवढ्या दिवसांत मला काही खटकलंच नव्हतं. डावीकडे भारतीण, उजवीकडे ब्लॅक बाई, म्हणजे असंच असणार, असं मीही धरून चालले होते.

"काकू, या तुम्ही."

काकूंनी आपला हात चित्राशेजारी टेबलावर ठेवला. काकू माझ्याहूनही सावळ्या. "अगं, त्या चित्रात आम्ही दोघी सारख्याच रंगाच्या होतो. वॉल्टररावांनी मुद्दाम दोघींचे हात जवळ आणून पाहिले होते आणि एकाच वाटीतला रंग दोघींना लावला होता. त्यांची आई केवढी हसली होती. म्हणाली, आता माझी मुलगी म्हणून खपेल." त्यांनी मेथीची जुडी सोडली. "यांनी मला आठवणीत उजळ केलं बघ."

मी शब्द दिला होता, पण आता त्याला काही अर्थ उरला नव्हता. "काकू, ते चित्र भिंतीवरून कुणी काढलं, तुम्हाला माहितीये?"

"वास्तुशांतीला? यांनी." काकू मेथी निवडत राहिल्या. "आणि माझं नाव सांगितलं ते पण माहितीये. वॉल्टररावांनी पुढच्या आठवड्यात मला फोन करून सॉरी म्हटलं, म्हणे तुला न विचारता तुझं चित्र काढलं, चुकलं माझं. माझं इंग्लिश तेव्हा जेमतेम. पण एवढं कळलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, येस. आय डोन्ट लाइक." त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "यांना इथे दुसरा मित्र कोण होता? तोही तुटला असता."

काकूंनी अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली, आणि आम्ही दोघींनी मेथी संपवली.

मग मी गराजमध्ये गेले. यावेळी कॅसेटी काढल्या नाहीत, प्लॅन काढले. काकांच्या भिंतींची माहिती एकेक ओळ वाचत गेले. ढोलवाले. लांब मानेची बाई. बाजार. बाप्तिस्मा. बाविसाव्या प्लॅनवर सापडलं. 'जिना उजवीकडे, आजी कडक' या मालिकेच्या जिन्याच्या भिंतीवर, चित्र नंबर तीन. खाली काकांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: 'दोन ब्लॅक बायका, काहीतरी सोलताना. आपलं नव्हे.'

कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी प्लॅन काढल्याचं साल घातलं होतं. वॉल्टरराव तेव्हा जिवंत होते.

तो कागद काकांना दाखवावा की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी काकूंनीच ठरवलं. "दाखव," म्हणाल्या. "मलाही बघायचंय, मी टीव्हीवर कशी दिसते."

रविवारी जेवणं झाल्यावर मी टीव्ही लावला. काका नको म्हणत होते. काकू त्यांच्या शेजारी येऊन बसल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि म्हणाल्या, "आवाज लाव गं. मुक्यांचं काय बघायचं?"

आवाज लावला. हशा आला. आजी कुणाला तरी झापत होती, शेजारी न विचारता आत येत होता, पोरं जिन्यावरून धावत होती. आणि त्यांच्यामागे, जिन्याच्या भिंतीवर, टेबलाशी बसलेल्या दोघी. छोटंसं, टेपमुळे धुरकट, पण हात दिसत होते. चारही हात एका रंगाचे.

काका उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. पट्टी काढून काचेवर ठेवली, चित्राची लांबीरुंदी घेतली, मनाशी काही गुणाकार केला. "बरोबर आहे," म्हणाले. मग मी त्यांच्या हातात बाविसावा प्लॅन दिला. त्यांनी ती ओळ वाचली. परत वाचली. कागद मांडीवर ठेवून ते खाली गालिच्यावरच बसले.

"मी बघितलं होतं," म्हणाले. "मी बघितलं होतं आणि तुला ओळखलं नाही."

काकू टीव्हीकडेच बघत होत्या.

"मी वॉल्टररावांना तुझं नाव..."

"माहितीये मला. आता ते नको." जिन्याखालून कुणी मामा बॅगा घेऊन आत आला, मागोमाग चर्चमधल्या तीन बायका, मग पाद्री. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. काकू म्हणाल्या, "किती पाहुणे येतात हो यांच्याकडे. दर वेळी घर भरलेलं. आणि एकदाही कुणी ते उतरवलं नाही."

काकांनी तोंडावर रुमाल धरला आणि ते रडले. मीही रडले. काकूंनी मात्र एपिसोड शेवटपर्यंत पाहिला आणि आजी फार बोलते असं मत दिलं. संध्याकाळी काकांनी ओहायोला वॉल्टररावांच्या बहिणीला फोन लावला. त्या नव्वदीच्या घरात. काका दार लावून तासभर बोलत होते. काय बोलले ते मी विचारलं नाही.

त्या भागाच्या फ्रेममधून मी चित्राचा एक प्रिंट काढून दिला, मूळ चित्राच्या मापात. चांगला येणं शक्यच नव्हतं. रंग पसरलेले, आडव्या रेघा, आणि सगळ्यात स्वच्छ फ्रेम निवडली तरी तिच्यात मधोमध कुणा नटाचा कान आलेला. मी म्हटलं, कान कॉम्प्युटरवर काढून टाकते. काका म्हणाले, "काही काढायचं नाही." फ्रेम करून त्यांनी ते स्वतः खिळ्याला लावलं, पट्टीने दोन्ही बाजू मोजून.

मी आता तिथे राहत नाही. मला फ्रीमाँटला नोकरी लागली, घर आहे, त्याच्या भिंती भरायचं काम चालू आहे. पण तिथून निघण्याच्या महिनाभर आधी काकूंनी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं होतं. हॉल बायकांनी भरलेला. बरोबर आलेले नवरे किचनच्या दाराशी चहाचे कप घेऊन उभे. मी तिळगुळाचं ताट फिरवत होते. नुकतीच प्लेन्सबरोला राहायला आलेली एक बाई सोफ्याशी थांबली, मान वर करून बघत राहिली, आणि तिने मोठ्याने विचारलं, "काका, या दोघी कोण हो?"

काकू देवघराशी कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या, त्यांनी वर पाहिलं. काका चहाचा कप ठेवून आले. खिशातून पट्टी काढली आणि शाळेत नकाशा दाखवतात तशी चित्रावर टेकवली.

"ही डावीकडची माझी बायको," ते म्हणाले. "उजवीकडची वॉल्टररावांची आई. चित्र वॉल्टररावांनी काढलंय, माझे मित्र. आणि मधला हा कान कुणाचा, ते मला माहीत नाही."